ऐकणाऱ्याची मर्जी

पूर्वी बहुतेक मराठी घरांत कुणीतरी कुणाला तरी वाचून दाखवत असे. आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, की सकाळचा पेपर वाचण्याचे काम नातवाकडे येई. चातुर्मासात एक जण पोथी वाची आणि पाच जणी ऐकत. हे वाचून दाखवणे म्हणजे अक्षरांचे नुसते उच्चार नसत. चांगला वाचणारा आधी मथळा सांगे, ‘पुढे वाचू का?’ असे विचारी, जाहिराती गाळी आणि निधनवार्ता मात्र नावानिशी वाची; कारण आजोबांना सर्वांत आधी त्याच हव्या असत. नातू भलतीकडे घसरला तर आजोबा म्हणत, ‘ते राहू दे रे, बाजारभाव सांग.’ वाचणारा नातू होता, पण वाचन चाले ते आजोबांच्या मर्जीने.

आता हे काम खिशातला फोन करू लागला आहे. स्क्रीन रीडर नावाची सोय आजच्या बहुतेक स्मार्ट फोनमध्ये मुळातच असते. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. अँड्रॉइड फोनमध्ये तिचे नाव टॉकबॅक, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. दोन्ही २००९ साली फोनवर आल्या. ही सोय चालू केली, की पडद्यावर बोट जिथे जाईल तिथे काय आहे ते फोन बोलून सांगतो. बोट टेकवले की नाव ऐकायचे, दोनदा टकटक केली की ते उघडायचे, असा साधा नियम. या आवाजाच्या आधाराने दिसत नसलेला माणूस बँकेचे व्यवहार करतो, रेल्वेचे तिकीट काढतो, नातवंडांना निरोप धाडतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टीचे अपंगत्व नोंदवलेली माणसे ५० लाखांहून अधिक होती. वयोमानाने नजर मंदावलेली, पण स्वतःला अंध म्हणवून न घेणारी माणसे त्याशिवाय. असे कुणी ना कुणी आपल्या ओळखीत असतेच.

मी या मंडळींपैकीच एक. शाळेत इतिहास शिकवत असताना चाळिशीच्या आसपास, दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकाराने माझी नजर हळूहळू गेली. गेल्या कित्येक वर्षांत मी फोन पाहिलेला नाही, फक्त ऐकलेला आहे. त्याने मला पुष्कळ दिले. तरीही आज मला त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या गप्प बसण्याविषयी अधिक लिहायचे आहे. फोन बोलतो, याचे नवल आता ओसरले. त्याने काय बोलावे, किती बोलावे, कुणासमोर बोलावे आणि कधी मुकाट राहावे, हे ठरवायचे कुणी, हा खरा प्रश्न आहे.

उचलली जीभ...

स्क्रीन रीडर पहिल्यांदा चालू केला, की तो फार बोलतो. एका साध्या बटणावर बोट ठेवावे, तर तो आधी बटणाचे नाव सांगतो, मग ते बटण आहे हे सांगतो, मग ते चालू आहे की बंद ते सांगतो, मग ते यादीतले कितवे ते सांगतो आणि शेवटी ‘सुरू करण्यासाठी दोनदा टॅप करा’ अशी सूचनाही देतो. डोळस वाचकाने कल्पना करून पाहावी. आपल्याच घरात आपण स्वयंपाकघराकडे निघालो आहोत आणि शेजारून चालणारा एक गृहस्थ प्रत्येक दारापाशी सांगतो आहे, ‘दार, लाकडी, बंद, तीनपैकी दुसरे, उघडण्यासाठी ढकला.’ पहिल्या दिवशी त्याचे उपकार वाटतील. चौथ्या दिवशी डोके उठेल.

यावर उपाय आहे आणि तो फोनमध्येच आहे. इंग्रजीत या सेटिंगला व्हर्बोसिटी म्हणतात. मी त्याला वाचाळपणा म्हणतो. टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये गेले, की हा वाचाळपणा जास्त हवा, कमी हवा की आपल्या पसंतीचा हवा, असे विचारले जाते. पसंतीचा म्हटले तर एकेक गोष्ट निवडता येते. वापराच्या सूचना सांगू की नको? यादीतला क्रमांक सांगू की नको? बटण आहे की दुवा, हे सांगू की नको? कीबोर्डवर टाइप करताना प्रत्येक अक्षर बोलू, पूर्ण झालेला शब्द बोलू, दोन्ही बोलू की काहीच नको? आधी नाव आणि मग स्थिती, की उलट, हा क्रमसुद्धा बदलता येतो. व्हॉइसओव्हरमध्येही अशीच निवड आहे. इंग्रजीतले मोठे अक्षर आले तर ‘कॅपिटल’ असा शब्द ऐकायचा, नुसता एक नाद ऐकायचा, की आवाजाची पट्टी थोडी चढवायची, एवढे बारीक प्रश्न तिथे विचारलेले असतात. २०१९ पासून तर आयफोनवर वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे स्वभाव ठरवून ठेवता येतात. कादंबरी ऐकताना विरामचिन्हे गाळणारा फोन लेख तपासताना प्रत्येक स्वल्पविराम सांगू लागतो.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलात? दोन शब्द जास्त ऐकले तर बिघडले काय? बिघडते ते असे. डोळस माणूस पान एका नजरेत पाहतो आणि नको ते सोडतो. कानाला ती सोय नाही. कानावर एकामागून एकच शब्द येऊ शकतो. नको असलेला शब्द संपेपर्यंत हवा असलेला शब्द दाराबाहेर ताटकळत उभा राहतो. म्हणूनच सरावलेले अंध वापरकर्ते बोलण्याचा वेग एवढा वाढवतात, की शेजारच्याला तो गोंगाट वाटावा. दुसरे कारण याहून मोठे आहे. रस्त्यावर आमचे कान हेच आमचे डोळे. चौकात उभा असताना रिक्षा कुठून वळते आहे, काठीखाली फरसबंदी संपली का, मागून सायकल येते आहे का, हे सगळे मला कानाने कळते. त्या क्षणी फोनने निष्कारण तोंड उघडले, तर तो माझ्या डोळ्यांवर हात ठेवतो.

मावशीचा फोन

माझी एक मावशी कोल्हापूरला असते. वय ७४. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली, तेव्हा तिच्या मुलाने चांगला फोन आणून त्यात टॉकबॅक चालू करून दिला. आठ दिवसांनी फोन कपाटात गेला. मी गेलो तेव्हा म्हणाली, ‘अरे, नुसती बडबड करतंय ते. मला सुमनला फोन लावायचाय, तर हे मला शाळा शिकवतंय. त्यापेक्षा शेजारच्या पोराला हाक मारलेली बरी.’

आम्ही दोघे दुपारभर त्या फोनशी बसलो. आवाज इंग्रजी होता, तो मराठी केला. वेग बराच कमी केला. सूचना बंद केल्या. संपर्कातली नावे मुलाने इंग्रजी अक्षरांत लिहिली होती आणि मराठी आवाज ती वेडीवाकडी उच्चारत होता. ती देवनागरीत लिहून घेतली. मग मी ‘बटण’, ‘दुवा’ हे शब्दही काढून टाकायला निघालो, कारण माझ्या फोनवर ते मला नको असतात. तर मावशीने माझा हात धरला. ‘ते राहू दे. ते बटण म्हणालं की मला कळतं, इथं दाबायचं असतंय. नाहीतर नुसतं नाव ऐकून मी काय करू?’

तिचे म्हणणे रास्त होते. मी हजारो वेळा वापरून पडद्याचा नकाशा डोक्यात बसवलेला माणूस. तिच्या डोक्यात तो अजून तयार व्हायचा होता. मला जो शब्द अडगळ वाटतो, तो तिचा कठडा होता. सर्वांना चालेल असे एकच उत्तम सेटिंग जगात नाही, ते याच कारणाने. त्याच माणसाचे सेटिंगसुद्धा सहा महिन्यांनी बदलते. मावशीने पुढे दिवाळीत स्वतः फोन करून सांगितले, ‘आता ते बटण-बटण काढून टाक बाई असं सांगितलं मी नातीला. पाठ झालंय सगळं.’

पुण्यातल्या एका मुलाची गोष्ट

ऐकणाऱ्याची मर्जी मोठी, हा विचार ज्यांनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडला, त्यांत एक माणूस आपल्या पुण्याचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. त्यांनी पुण्याच्या नवरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेतली, मुंबईच्या आयआयटीत पुढचे शिक्षण घेतले आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून १९९४ साली डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, गणिताचा मजकूर यंत्राने कसा वाचून दाखवावा.

ही अडचण वाचकांना लगेच समजेल. ‘क्ष अधिक एक भागिले दोन’ असे कुणी म्हटले, तर काय समजायचे? क्ष आणि एक यांच्या बेरजेला दोनने भागायचे, की फक्त एकला? कागदावर ती आडवी रेघ दिसते; कानाला रेघ दिसत नाही. रामन यांनी केलेल्या ‘एस्टर’ या प्रणालीत आवाजाचाच उपयोग रेघेसारखा केला होता. घातांक आला की आवाजाची पट्टी चढे, खालचा अंक आला की उतरे. महत्त्वाचे म्हणजे, मोठे सूत्र आधी ढोबळपणे ऐकायचे, मग हवा तो भाग उलगडायचा, वाचनाची पद्धतही आपणच ठरवायची, ही मुभा ऐकणाऱ्याला होती. एस्टर हे नाव त्यांच्या मार्गदर्शक श्वानाचेही होते. वाट दाखवणारा, पण वाट ठरवणारा नव्हे!

१९९५ साली रामन यांनी ‘ईमॅकस्पीक’ नावाची बोलकी प्रणाली खुली केली. तिच्यामागचा विचार ते दिनदर्शिकेच्या उदाहरणाने समजावतात. पडद्यावर महिन्याचे पान आहे, आकड्यांच्या ओळीवर ओळी. नुसता पडदा वाचणारे यंत्र त्या ओळी वाचत सुटेल. ऐकणाऱ्याला मात्र एवढेच हवे असते, की बोटाखालची तारीख कोणती आणि वार कोणता. म्हणजे पडद्यावर काय दिसते ते सांगू नका, त्याचा अर्थ काय ते सांगा. २००५ मध्ये ते गूगलमध्ये गेले आणि तिथे चार्ल्स चेन यांच्याबरोबर त्यांनी अँड्रॉइड फोन न पाहता वापरण्याच्या युक्त्या रचल्या. सपाट काचेवर आकडे शोधायचे कसे? त्यांनी ठरवले, बोट जिथे पहिल्यांदा टेकेल तो ५. तिथून वर सरकले की २, खाली सरकले की ८, डावीकडे वर तिरके गेले की १. माणसाने बटण शोधत हिंडायचे नाही, बटणाने माणसाच्या बोटाखाली यायचे.

हे केवळ रामन यांच्यापुरते नाही. संगणकावरचा ‘जॉज’ हा प्रसिद्ध स्क्रीन रीडर १९८९ साली टेड हेंटर यांनी बाजारात आणला. ते मोटारसायकल शर्यतीतले खेळाडू. १९७८ च्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. फुकट मिळणारा आणि आपल्याकडेही अनेकांच्या संगणकावर असलेला ‘एनव्हीडीए’ मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली सुरू केला आणि जेम्स तेह या दुसऱ्या अंध तरुणाच्या साथीने वाढवला. ज्याचे जळते त्यालाच कळते. सेटिंगच्या त्या लांबलचक याद्या ज्याला फापटपसारा वाटतात, त्याने हे ध्यानात घ्यावे, की त्यांतल्या कितीतरी ओळींमागे कुणा ऐकणाऱ्याची रोजची कटकट उभी आहे.

चारचौघांत खासगी

पण हा प्रश्न केवळ सोयीचा असता तर मी रविवारची एवढी जागा अडवली नसती. त्याच्या मुळाशी दुसरी एक गोष्ट आहे. न दिसणाऱ्या माणसाला पूर्वी खासगी असे पत्र नसे. मित्राचे पत्र आले तर ते बायको वाचून दाखवी, बायकोचे आले तर भाऊ. बँकेचे पासबुक, डॉक्टरांचा कागद, आलेले स्थळ, सगळे आधी दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जाई आणि मग आपल्या कानावर येई. वाचणारा भला असला, तरी तो मध्ये असेच. लुई ब्रेलने १८२९ साली आपली ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली, तिचे खरे मोल मला यात वाटते: मध्यस्थ गेला. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल मान्य झाली आणि मराठीतही हे शक्य झाले. पुढे फोन आला आणि ब्रेल न शिकलेल्या माझ्यासारख्यालाही आपले पत्र आपण वाचता येऊ लागले.

मात्र फोन वाचतो तो मोठ्याने. एकदा मी एसटीने स्वारगेटहून साताऱ्याला चाललो होतो. गाडी कात्रजच्या पुढे गेली आणि माझ्या खिशातून फोनने खणखणीत आवाजात जाहीर केले, की माझ्या खात्यात अमुक हजार अमुकशे रुपये जमा झाले आणि आता एकूण शिल्लक इतकी. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘काका, पेन्शन झाली वाटतं! आमची अजून यायचीय.’ मागच्या बाकांवर हशा पिकला. मीही हसलो. पण ज्याच्या खिशातून पैशांचा आकडा अख्ख्या गाडीला ऐकू गेला आहे, त्याला पुढच्या स्टँडवर एकटे उतरायचे असते.

माझ्या ओळखीची एक तरुण शिक्षिका आहे, जन्मापासून अंध. शाळेच्या शिक्षकखोलीत बसून ती डॉक्टरांचे, आईचे, मैत्रिणीचे निरोप वाचते आणि कुणाला पत्ता लागत नाही. आलेल्या निरोपांची घोषणा तिने बंद केली आहे. ती स्वतः उघडेल तेव्हाच फोन बोलतो. एका कानात बारीक इअरफोन, दुसरा कान वर्गाच्या घंटेसाठी मोकळा. आणि पडद्यावर तिने पडदा टाकलेला असतो. म्हणजे फोन चालू राहतो, बोलतो, पण काच काळी. खांद्यावरून डोकावणाऱ्याला काही दिसू नये, म्हणून ही सोय टॉकबॅकमध्येही आहे आणि व्हॉइसओव्हरमध्येही. आपल्या मागे कुणी वाचत उभे आहे का, हे डोळस माणूस मान वळवून पाहतो. ते तिला शक्य नाही, म्हणून तिने काचच विझवली. पासवर्ड टाकताना त्याची अक्षरे मोठ्याने उच्चारायची की नाहीत, हेही असेच ठरवून ठेवायचे असते. ही सेटिंग म्हणजे चैन नव्हे. ती कुलपे आहेत.

मराठी कानाचे प्रश्न

आपल्या भाषेत या विषयाला आणखी काही पदर आहेत. मराठीत च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार होतात आणि लिहिताना अक्षर एकच. ‘तो गावाला जात आहे’ यातला जात वेगळा आणि ‘जात दाखल्यावर लिहिली’ यातली जात वेगळी. ‘जरा थांब’ मधला जरा निराळा आणि म्हातारपण या अर्थाची जरा निराळी. आपण संदर्भाने सहज ओळखतो. यंत्राला ते शिकवावे लागते. आयफोनमध्ये एखाद्या शब्दाचा उच्चार आपल्याला हवा तसा नोंदवून ठेवण्याची सोय आहे. आपल्या माणसांची नावे तरी नीट ऐकू यावीत, यासाठी ती उपयोगी पडते.

आकड्यांचेही तसेच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यानामे आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला होता! एकवीस की वीस एक, यावर सगळा गाव बोलला. फोनवर मात्र ज्याचा त्याचा निवाडा ज्याला त्याला करता येतो. गोंगाटात ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ एकमेकांत मिसळतात. बँकेचा सहा आकडी ओटीपी ऐकताना तो सलग लाखांत ऐकून उपयोग नाही. ‘पाच, नऊ, शून्य’ असे सुटे अंक हवेत. काही फोनमध्ये हे ठरवता येते. किराण्याचे बिल ऐकताना मात्र ‘पाचशे नव्वद’च हवे.

आणि निरोपांत चिकटवलेली ती चित्रचिन्हे! कुणाच्या निधनाची बातमी येते, तिच्याखाली गटातली चाळीस माणसे प्रत्येकी पाच-सहा हात जोडतात. डोळ्यांना ती श्रद्धांजली दिसते. माझ्या फोनने सगळे वाचायचे ठरवले, तर ‘जोडलेले हात, जोडलेले हात’ हा जप संपता संपत नाही आणि माणूस कसा गेला हे मला कळत नाही. काही फोनमध्ये ही चिन्हे गाळता येतात. पण निरोप धाडणाऱ्याने दोन शब्द लिहिले, तर त्याहून बरे. लग्नपत्रिकेचे नुसते चित्र पाठवणाऱ्यांनी खाली तारीख, वेळ आणि कार्यालयाचे नाव टाइप केले, तर मीही अक्षता टाकायला वेळेवर येईन. आता यंत्र चित्राचेही वर्णन करू लागले आहे; २०२४ पासून टॉकबॅक त्यासाठी गूगलच्या जेमिनीची मदत घेते. सोय मोठीच, पण तिथेही प्रश्न तोच. मला मुहूर्त हवा आहे आणि यंत्र गणपतीच्या मुकुटाचे वर्णन करत बसले, तर ते वर्णन कितीही सुंदर असो, माझ्या उपयोगाचे नाही.

बिननावाची बटणे

ऐकणाऱ्याच्या हाती एवढे सगळे असले, तरी एक गोष्ट त्याच्या हाती नाही. स्क्रीन रीडर मुख्यतः पडदा ‘पाहून’ वाचत नाही. ॲप बनवणाऱ्याने प्रत्येक बटणाला आतून जे नाव दिलेले असते, ते तो उच्चारतो. नावच दिले नसेल, तर तो बिचारा ‘लेबल नसलेले बटण’ म्हणून मोकळा होतो. माझ्या एका बँकेच्या ॲपमध्ये एकापाठोपाठ अशी चार बटणे होती. त्यांतले एक पैसे पाठवण्याचे, एक मागे जाण्याचे. कोणते कोणते, हे दाबून पाहिल्याशिवाय कळू नये, हा कुठला न्याय?

टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर या दोहोंतही अशा बटणाला आपण आपले नाव देऊ शकतो. मुलीकडून पडदा वाचून घेऊन मी ती चारही नावे देऊन ठेवली. पण ती नावे माझ्या फोनपुरती. त्याच बँकेच्या दुसऱ्या अंध खातेदाराने तीच खटपट पुन्हा करायची आणि ॲप बदलले की कदाचित मीही. बनवणाऱ्याने एकदा एक शब्द लिहिला असता, तर हजारो माणसांचे श्रम वाचले असते. आपल्या देशात हा आता केवळ सौजन्याचा प्रश्न राहिलेला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती आणि सेवा सर्वांना वापरता येतील अशा असाव्यात, असे म्हटले आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असा निकाल दिला. जगण्याचा हक्क एका बटणाच्या नावावर अडू नये.

घरच्यांसाठी चार शब्द

कायदा आपल्या वाटेने जाईल. मला अधिक भरवसा आहे तो घरांचा. आज या क्षणी कितीतरी घरांत एखाद्या आजीला, काकांना, आजारातून उठलेल्या भावाला नवा फोन दिला जात असेल. देणारे हात प्रेमाचेच असतात. मुलगा सेटिंग करतो, ‘बाबा, सगळं लावून दिलंय’ म्हणतो आणि नोकरीच्या गावी निघून जातो. त्याने सगळे लावलेले असते, फक्त बाबांना विचारलेले नसते.

विचारायला फार लागत नाही. शेजारी बसावे. फोन त्यांच्याच हाती ठेवावा. आवाज मराठी हवा की इंग्रजी, बाईचा की पुरुषाचा, भरभर की सावकाश, हे एकेक लावून ऐकवावे आणि त्यांना ठरवू द्यावे. निरोप आल्याबरोबर मोठ्याने वाचायचा की त्यांनी उघडल्यावर, हे आवर्जून विचारावे. आपल्यासमोर संकोच वाटत असेल तर सेटिंग कुठे आहे ते दाखवून आपण बाहेर जावे. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारावे, कारण तोवर गरज बदललेली असते. आणि एक विनंती अगदी मनापासून: फोन बोलत असताना तुम्ही मध्ये बोलू नका, ‘अहो, ते तिकडे आहे, द्या मी करतो’ असे म्हणत हातातून फोन ओढून घेऊ नका. चुकू द्या, शोधू द्या.

डोळे गेले की माणसाच्या वाट्याला एक गोष्ट न मागता येते: त्याच्या वतीने इतर जण ठरवू लागतात. काय खायचे, कुठे जायचे, काय सांगायचे आणि काय लपवायचे. त्या सगळ्यातून एक छोटासा प्रांत या फोनने आम्हाला परत मिळवून दिला आहे. तिथे काय ऐकायचे ते आम्ही ठरवतो आणि कधी शांतता हवी तेही आम्हीच. तेवढा प्रांत आमच्याकडे राहू द्यावा.